हादऱ्यानंतरचा पहिला तास



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे गेलेल्या माणसांच्या स्मृतीला वंदन करून मी बोलायला उभा आहे. त्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी आणि आसपासची भुई हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावं नुकतीच झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांच्यावरचं माळवदाचं ओझं झोपलेल्या माणसांवर कोसळलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली सुमारे १० हजार माणसं गेली. ५२ गावं जुन्या जागेवरून उठवून नव्या जागी वसवावी लागली. भूकंपाची तीव्रता होती ६.२. जगातल्या मोठ्या भूकंपांशी ताडून पाहिलं तर हा आकडा मध्यम ठरतो. हानी मात्र भयंकर झाली. भूकंप केवढा व्हायचा हे निसर्गाच्या हातात असतं. त्यात माणसं किती जाणार हे घरं, वेळ आणि तयारी यांवर ठरतं.

आज मी तयारीच्या एका अंगाबद्दल बोलणार आहे. संकट आलं की पाणी, अन्न, निवारा, औषधं लागतात, हे सगळ्यांना कळतं. पण त्याच्याही आधी, अगदी पहिल्या मिनिटापासून, माणसाला आणखी एक गोष्ट हवी असते. नेमकं झालंय काय, हे त्याला कळायला हवं असतं. घर सोडायचं की घरात थांबायचं, पोरं शाळेत पाठवायची की नाही, रात्री कुठं निजायचं, हे सगळं त्यावर अवलंबून असतं. आणि हे कुणालाही एकट्याला कळत नाही. हादरा बसला की माणूस पहिल्यांदा शेजाऱ्याला विचारतो, ‘तुम्हाला पण जाणवलं का?’ संकटाचा अर्थ लावण्याची सुरुवात या प्रश्नानं होते. पूर्वी तो ओट्यावरून, पारावर, चावडीपुढं विचारला जायचा. आता तो मोबाईलवर विचारला जातो.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. मोबाईलवरचे ग्रुप, ॲप, समाजमाध्यमं यांची संकट समजून घ्यायला फार मोठी मदत होते, पण ती एका अटीवर होते. लोकांनी अनुभवलेलं, यंत्रानं किंवा जाणकारानं तपासलेलं, आणि ज्याला जाब विचारता येतो असा गावातला ओळखीचा माणूस, या तीन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असाव्या लागतात. त्यांतली एक जरी सुटली तरी तेच साधन भीती वाढवतं आणि प्रसंगी जीवही घेतं. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांनी गेल्या तीस वर्षांत याच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत.

किल्लारीचा भूकंप अचानक आला असं आपण म्हणतो. पण भुईनं त्याआधी वर्षभर लोकांना बेचैन केलं होतं. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किल्लारी भागात हादऱ्यांची मालिकाच सुरू झाली होती. १८ ऑक्टोबर १९९२ चा हादरा त्यातला मोठा होता. लोक घाबरले, घराबाहेर निजले, गाव हलवा अशी मागणी झाली. कुणी माकणीच्या तेरणा धरणाकडं बोट दाखवलं, कुणी देवाच्या कोपाकडं. पुढं हादरे कमी झाले. थंडी आली, सुगी आली आणि लोक पुन्हा घरात निजू लागले. पुढच्या सप्टेंबरात मोठा भूकंप झाला.

इथं सावधपणे बोललं पाहिजे. छोटे हादरे म्हणजे मोठ्या भूकंपाची खात्री, असं शास्त्र सांगत नाही. कुठला भूकंप कोणत्या दिवशी होईल हे आजही जगात कुणाला सांगता येत नाही. अशा हादऱ्यांच्या मालिका बहुतेक वेळा आपोआप विरतात. नांदेड शहरात २००६ पासून पुढं काही वर्षं आवाज आणि सौम्य हादरे येत राहिले. शहर अनेक रात्री जागलं. मोठा भूकंप काही झाला नाही. त्यामुळं १९९२ मध्ये लोकांच्या अनुभवांची नीट नोंद झाली असती तर भूकंप टळला असता, असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. त्या वर्षभरात हजारो माणसांना काही ना काही जाणवलं होतं. कुणाच्या घरातली भांडी वाजली होती, कुणाच्या भिंतीला तडा गेला होता, कुणाची जनावरं बुजली होती. हे सगळं विखुरलेलं राहिलं. एका गावाचं दुसऱ्या गावाला कळलं नाही, सगळ्या गावांचं मिळून शास्त्रज्ञांना पुरेसं कळलं नाही, आणि शास्त्रज्ञांचं गावापर्यंत नीट आलं नाही. ते एकत्र आलं असतं तर ‘भूकंप कधी होणार’ या उत्तर नसलेल्या प्रश्नावरून बोलणं ‘आपली ही भिंत हादरा सोसेल का’ या उत्तर असलेल्या प्रश्नावर आलं असतं. माळवदावरची थोडी माती तरी उतरली असती.

शास्त्राचीही त्या काळात या भागाबद्दल फारशी तयारी नव्हती. दख्खनचं हे पठार स्थिर मानलं जाई. भूकंपाच्या धोक्याच्या नकाशात किल्लारी सगळ्यांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होतं. २००२ मध्ये सुधारलेल्या नकाशातून हा पहिला विभागच काढून टाकण्यात आला आणि किल्लारी परिसर तिसऱ्या विभागात गेला. नकाशा बदलायला एवढी माणसं जावी लागली. लोकांच्या अनुभवाला माहिती म्हणून मान देणं किती गरजेचं आहे, हे किल्लारीनं आपल्याला शिकवलं आहे. भुईबद्दलचं पहिलं ज्ञान तिच्यावर राहणाऱ्यांपाशी असतं.

१९९३ मध्ये मोबाईल नव्हता. देशातलं पहिलं मोबाईल संभाषण ३१ जुलै १९९५ ला झालं आणि सर्वसामान्यांसाठी इंटरनेट त्याच वर्षी १५ ऑगस्टला खुलं झालं. किल्लारीच्या लोकांना आपल्यावर काय कोसळलं आहे याचा अंदाज येण्यासाठी आकाशवाणीवर, वर्तमानपत्रावर आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडी निरोपावर अवलंबून राहावं लागलं. शेजारचं गाव उभं आहे की गेलं, हे कळायला चालत जावं लागलं.

आता तीस वर्षं पुढं येऊ. १५ फेब्रुवारी २०२३. सकाळी साडेदहाच्या सुमारास लातूर शहराच्या पूर्व भागात, विवेकानंद चौक परिसरात, जमिनीतून गूढ आवाज आला. किल्लारी ज्याच्या घरात घडली आहे त्या शहराला असा आवाज म्हणजे काय वाटतं, ते मी सांगायला नको. लोक घराबाहेर आले. काहींनी लगेच प्रशासनाला कळवलं. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन विभागानं लातूर, औराद शहाजानी आणि आशिव इथल्या भूकंपमापन केंद्रांकडं चौकशी केली. तिन्ही ठिकाणी भूकंपाची नोंद नव्हती. तसं जाहीर झालं.

ही घटना छोटी आहे, पण मला ती फार मोलाची वाटते. लोकांनी ऐकलं, ते वरपर्यंत कळवलं, यंत्रानं तपासलं, आणि उत्तर लोकांपर्यंत परत आलं. संकट समजून घेण्याचं पूर्ण चक्र त्या दिवशी फिरलं. ‘नोंद नाही’ हेही एक उत्तर असतं, आणि ते देणं हे कर्तव्य असतं. यंत्रात काही दिसलं नाही म्हणून गप्प राहणारी व्यवस्था लोकांना ‘तुम्हाला भास झाला’ असं न बोलता सांगत असते. लोकांना भास झालेला नसतो. आवाज खरा असतो.

तो आवाज कशाचा? आपल्या पायाखाली काळ्या पाषाणाचे, म्हणजे बेसाल्टचे, थरावर थर आहेत आणि त्यांत भेगा, फटी, सांधे आहेत. जमिनीत थोड्याच खोलीवर अगदी लहान हालचाल झाली तर तिच्या लहरी पृष्ठभागावर येऊन हवेला कंप देतात. तो आपल्याला गडगडाटासारखा ऐकू येतो. हालचाल एवढी लहान असू शकते की लांबच्या यंत्राला तिचा पत्ता लागत नाही. पावसाळ्यानंतर भेगांत मुरणाऱ्या पाण्यामुळं खडकातला दाब बदलतो आणि असे आवाज होतात, हा अभ्यासकांचा एक तर्क आहे. २०२२ च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरीत असेच आवाज येऊ लागले आणि लोकांनी भीतीनं रात्री घराबाहेर काढल्या. हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातलं पांगरा शिंदे गाव तर वर्षानुवर्षं हे आवाज ऐकत आलं आहे. हासोरीचा माणूस पांगरा शिंदेच्या माणसाशी बोलला तर त्याची अर्धी भीती जाईल. हेच ऐकत ती माणसं कशी जगली, घरात काय बदल केले, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हे त्याला अनुभवी माणसाच्या तोंडून कळेल. दोन गावांत शंभराहून अधिक किलोमीटर अंतर आहे. हे अंतर मिटवणारं साधन आज दोघांच्याही खिशात आहे.

मित्रहो, अफवेबद्दल थोडं बोलतो. अफवा म्हणजे अडाण्यांचा खेळ, असं आपण मानतो. तमोत्सु शिबुतानी या समाजशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये अफवेवर एक पुस्तक लिहिलं. माणसांना बातमीची जेवढी गरज असते तेवढी बातमी अधिकृत वाटेनं मिळाली नाही की ती मिळून आपली बातमी तयार करतात, असा त्याचा सिद्धान्त आहे. म्हणजे अफवा हा समजून घेण्याचा सामूहिक प्रयत्नच असतो, फक्त त्याला तपासणीची जोड नसते.

आपल्याच देशातल्या एका अभ्यासानं त्याच्या कितीतरी आधी अफवेची आणखी एक बाजू दाखवली होती. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञानं त्यानंतरच्या अफवा गोळा करून १९३५ मध्ये त्यावर लेख लिहिला. ज्या भागात हादरा जाणवला पण पडझड झाली नाही तिथल्या या अफवा होत्या, आणि त्यांचा सूर असा, की याहून मोठं काही तरी अजून यायचं आहे. वीस-बावीस वर्षांनी लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञानं याचा उलगडा मांडला. ज्यांचं घर पडलं त्यांना आपल्या भीतीचं कारण डोळ्यांसमोर दिसतं. ज्यांना फक्त हादरा बसला त्यांच्या मनात भीती असते, पण तिला कारण सापडत नाही. मग मनाला पटेल असं कारण शोधलं जातं.

२१ मार्च २०२४ ची सकाळ आठवा. ६ वाजून ८ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि ११ मिनिटांनी ३.६ चा दुसरा. नांदेड, परभणी, हिंगोली हे तिन्ही जिल्हे हादरले. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी ७ वाजून १४ मिनिटांनी पुन्हा ४.५ चा धक्का आला. त्याचं केंद्र कळमनुरी तालुक्यात रामेश्वर तांड्याजवळ होतं. २२ ऑक्टोबरला नांदेड जिल्ह्यातच ३.८ चा धक्का बसला. हादरे जाणवले, पण मोठी पडझड नाही. अफवेला सुपीक जमीन लागते ती हीच. अशा सकाळी ग्रुपवर ‘आज रात्री मोठा भूकंप होणार आहे, सगळ्यांना कळवा’ असा निरोप आला तर तो पुढं पाठवणाऱ्याला मी दुष्ट म्हणणार नाही. तो घाबरलेला असतो, आणि आपल्या माणसांची त्याला काळजी असते. त्याच्या भीतीला खरं कारण आणि खरं काम देणं, हे आपलं काम आहे.

मार्चच्या त्या धक्क्यानंतर प्रशासनानं एक आवाहन केलं होतं. ज्यांच्या घरावर पत्रे आहेत आणि ते उडू नयेत म्हणून वर दगड ठेवले आहेत, त्यांनी ते दगड काढून घ्यावेत. एवढं साधं वाक्य! पण संकटाच्या वेळी कोणता निरोप द्यावा याचा हा वस्तुपाठ आहे. ‘घाबरू नका’ असं सांगितल्यानं कुणाची भीती जात नाही. ‘पत्र्यावरचे दगड उतरवा’ असं सांगितलं की माणूस शिडी लावतो, वर चढतो, दगड खाली घेतो आणि त्या रात्री थोडा निवांत झोपतो. धोका कुठं आहे हे त्याला कळलेलं असतं, आणि तो कमी करणं त्याच्या हातात आलेलं असतं.

आता साधनांकडं येऊ. दिल्लीचं राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र देशातल्या भूकंपांची वेळ, ठिकाण, खोली आणि तीव्रता आपल्या संकेतस्थळावर आणि ॲपवर देतं. आपल्याला जाणवलं ते तिथं कळवताही येतं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेनं गेल्या शतकाच्या अखेरीस लोकांना इंटरनेटवर साधे प्रश्न विचारायला सुरुवात केली. तुम्ही कुठं होता, घरात की बाहेर, भांडी हलली का, भिंतीला तडा गेला का? लाखो लोकांच्या उत्तरांवरून धक्का कुठं किती बसला याचे नकाशे तयार होतात. त्यांत ‘मला जाणवलं नाही’ हे उत्तरही मोजलं जातं, कारण हादरा कुठं संपला हे त्याच्याशिवाय कळत नाही. युरोपातल्या भूमध्यसागरी भूकंप केंद्राच्या असंही ध्यानात आलं, की एखाद्या भागातले लोक अचानक मोठ्या संख्येनं संकेतस्थळावर येऊ लागले तर तिथं भूकंप झाला असणार. लोकांची विचारणा हीच पहिली नोंद ठरते. २०१५ च्या नेपाळ भूकंपानंतर काठमांडूतल्या तरुणांनी लोकांचे निरोप नकाशावर मांडले, आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून खेड्यांच्या वाटा रेखून दिल्या. २०१८ च्या महापुरात केरळ सरकारच्या संकेतस्थळावर अडकलेल्यांच्या मागण्या आणि मदत करणाऱ्यांची नावं एकाच जागी जमू लागली.

हे सगळं कशामुळं जमलं? विचारणारा आणि उत्तर देणारा यांच्यामध्ये एक मांडणी होती म्हणून. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ती नसते. तिथं खरं आणि खोटं, आजचं आणि चार वर्षांपूर्वीचं, आपल्या गावचं आणि परदेशातलं एकाच रांगेत, एकाच रूपात येतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. पोटासाठी गावोगाव फिरणारी ती भटकी माणसं होती. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून राज्यभर फिरत होती. आपला मराठवाडाही तीतून सुटला नाही. त्याच्या आदल्या महिन्यात, जूनमध्ये, वैजापूर तालुक्यात अशाच संशयावरून दोघांचा जीव गेला होता. त्या काळात देशभर फिरलेली एक चित्रफीत कराचीतल्या बालसुरक्षेच्या मोहिमेची होती. तिच्या शेवटचा खुलासा कापून ती पसरवली गेली. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढं पाठवण्याची मर्यादा घातली. कंपनीनं मर्यादा घातली ती पाच जीव गेल्यावर.

राईनपाड्यात पहिली गोष्ट होती, म्हणजे लोकांची भीती. दुसरी आणि तिसरी नव्हती. कुणी तपासलं नाही, आणि ज्याच्या शब्दावर जमाव थांबला असता असा माणूस त्या वेळी पुढं नव्हता. आणखी एक गोष्ट तिथं दिसली. जो आपल्या ग्रुपमध्ये नाही, त्याच्यावर संशय घेणं फार सोपं जातं. मारले गेलेले आपली बाजू सांगू शकतील अशी जागा त्या सगळ्या बोलण्यात कुठंच नव्हती.

२०२० च्या टाळेबंदीत नांदेडनं याचंच सौम्य रूप पाहिलं. सचखंड श्री हजूर साहिबच्या दर्शनाला आलेले पंजाबचे सुमारे चार हजार भाविक इथं अडकले. एप्रिलच्या अखेरीस ते बसनं गावी परतले आणि तिकडं त्यांतल्या पुष्कळांना करोनाची लागण झाल्याचं आढळलं. मग लागण नांदेडात झाली की वाटेत, यावर दोन राज्यांत वाद पेटला. पंजाबचं म्हणणं पंजाबच्या पडद्यावर आणि आपलं आपल्या पडद्यावर. ‘रोग कुणी दिला’ या प्रश्नात दोन्हीकडचे दिवस गेले. ‘प्रवासात आणि पोहोचल्यावर काय करायचं’ या प्रश्नाला त्यामानानं जागा कमी मिळाली. समजून घेणं दोषारोपात अडकलं की संकट तिथंच राहतं आणि माणसं दुरावतात.

आणि आता नांदेड जिल्ह्यातलं मुखेड. १७-१८ ऑगस्ट २०२५ ची रात्र. त्या भागात सुमारे २०६ मिलिमीटर पाऊस झाला. लातूर, उदगीर आणि कर्नाटकाकडून पाण्याचा लोंढा आला आणि लेंडी धरणाच्या क्षेत्रातलं पाणी झपाट्यानं चढलं. रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली या गावांना पाण्यानं वेढलं. एकट्या रावणगावात सव्वादोनशे माणसं अडकली. आपत्ती दलं आली, लष्कराची तुकडी आली. माणसं गेली, जनावरं गेली. गावं पाण्यात असतानाच मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी समाजमाध्यमावर गावागावाची स्थिती दिली आणि नांदेड, लातूर, बिदरचे जिल्हाधिकारी एकमेकांच्या संपर्कात असल्याचं सांगितलं.

या तीन नावांतच आजच्या व्याख्यानाचा एक मुद्दा दडला आहे. लातूर जिल्ह्यातला पाऊस नांदेड जिल्ह्यात पूर होऊन येतो. पाण्याला तालुक्याची हद्द नसते, पण आपल्या ग्रुपांना ती आहे. उदगीरच्या ग्रुपवर रात्री ‘इकडं धो धो चालू आहे, ओढे भरून वाहतायत’ असं कुणी लिहिलं, तर ते उदगीरकरांना खिडकीतून दिसतंच आहे. त्या ओळीची खरी गरज खालच्या अंगाला निजलेल्या मुखेडच्या गावाला असते, आणि तिथवर जायला तिला वाट नसते. गावांचे ग्रुप आहेत, जातींचे आहेत, पक्षांचे आहेत, दहावीच्या वर्गांचे आहेत. एका नदीवर किंवा एका ओढ्यावर राहणाऱ्या गावांचा ग्रुप मात्र क्वचितच सापडतो. लेंडी, मन्याड, तेरणा, मांजरा यांच्या काठावरच्या वरच्या आणि खालच्या गावांना एकमेकांशी जोडायला पैसा लागत नाही. जिल्ह्याची रेघ ओलांडायची इच्छा लागते.

एक गोष्ट अजून सांगायची राहिली, आणि ती आपल्या मातीतली आहे. किल्लारीनंतर ज्या गावांची घरं पूर्ण पडली नव्हती तिथं दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा मोठा कार्यक्रम झाला. अभियंत्यांकडं तंत्र होतं. भिंतीच्या आरपार जाणारे दगड बसवायचे, माळवदावरची माती उतरवायची, भिंतींना वरून सिमेंट काँक्रीटच्या पट्ट्यानं बांधायचं. पण लोकांचा त्यावर विश्वास बसत नव्हता. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकारानं हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांतल्या बायका संवाद सहायक झाल्या. घरोघर जाऊन त्यांनी तंत्र समजावलं, लोकांच्या शंका ऐकल्या, त्या अधिकाऱ्यांपर्यंत नेल्या आणि उत्तर घेऊन परत आल्या. २००१ मध्ये कच्छचा भूकंप झाला तेव्हा इथल्या बायका तिकडं गेल्या आणि तिथल्या बायकांशी बोलल्या.

हातात मोबाईल नसताना या बायकांनी लोकांचा अनुभव, जाणकारांची तपासणी आणि ओळखीचा माणूस या तिन्ही गोष्टी एकत्र बांधल्या. आजच्या कुठल्याही डिजिटल रचनेनं शिकावं असं हे काम आहे. निरोप कितीही वेगानं आला तरी त्याच्यावर विश्वास बसतो तो सांगणाऱ्यामुळं. आपल्या दारात उभी राहून ‘मी स्वतः माझ्या घराचं असं केलं’ म्हणणारी बाई, हा त्या विश्वासाचा पाया होता.

मोबाईलच्या मर्यादाही इथंच लक्षात घ्यायला हव्यात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे ५४ टक्क्यांकडंच स्वतः वापरता येईल असा मोबाईल होता. म्हणजे निरोप ग्रुपवर टाकला की गावाला कळला, असं होत नाही. तांड्यावरची म्हातारी, ऊसतोडीला गेलेलं कुटुंब, शेतात राखणीला थांबलेला सालगडी, यांच्यापर्यंत निरोप पायानंच जातो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप वीज पडण्याआधी सावध करतं, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ इशारे देतं. ही उत्तम साधनं आहेत. पण झाडाखाली आडोशाला उभ्या असलेल्या शेतमजुराच्या हातात तो फोन नसेल, तर बांधावरून हाक मारणारा कुणीतरी लागतोच.

शेवटी काही कामं सुचवतो. ती आपल्या दोन जिल्ह्यांना आजपासून करता येतील.

पहिलं, पहिल्या तासातलं उत्तर. हादरा, आवाज, पाण्याचा लोंढा, काहीही झालं तरी जिल्हा प्रशासनानं तासाभरात लोकांशी बोललं पाहिजे. माहिती पूर्ण नसली तरी चालेल. आत्तापर्यंत काय कळलं, काय तपासतो आहोत, पुढचं कधी सांगू आणि तोवर तुम्ही काय करा, एवढं सांगावं. रिकामा राहिलेला तास अफवेच्या पदरात जातो.

दुसरं, नोंद. ग्रुपवरचे निरोप वाहून जातात. महिन्याभरानं शोधू म्हटलं तर सापडत नाहीत. प्रत्येक ग्रामपंचायतीनं एक वही ठेवावी. तारीख, वेळ, काय जाणवलं, कुठल्या वस्तीवर, भिंतीला तडा गेला का, ओढ्याचं पाणी कुठवर आलं. ‘काही जाणवलं नाही’ हेही लिहावं. शाळेतली मुलं हे काम आनंदानं करतील. वहीचं पान मोबाईलवरून नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडं जावं. तिथल्या भूशास्त्राच्या अभ्यासकांनी ते वाचावं, आणि वर्षातून एकदा गावांत येऊन आपल्याला काय समजलं ते सांगावं. आपला अनुभव कामाला आला हे दिसलं, की लोक पुढच्या वेळी आणखी नेमकं सांगतात.

तिसरं, माणूस. प्रत्येक गावात दोन माणसं ठरवावीत, त्यांतली एक बाई असावी. आशाताई असेल, शिक्षक असेल, बचत गटातली कुणी असेल. संकटात ग्रुपवर अधिकृत निरोप त्यांनी टाकावा, न तपासलेल्या निरोपाखाली ‘हे अजून तपासलेलं नाही’ असं त्यांनी लिहावं, आणि ज्याच्याकडं फोन नाही त्याच्या दारात त्यांनी जावं. त्यांना प्रशिक्षण द्या, मानधन द्या, आणि त्यांच्या प्रश्नाला उत्तर देणारा अधिकारी नावानिशी नेमून द्या.

चौथं, नदीचे ग्रुप. वरच्या गावानं खालच्या गावाला पाऊस कळवावा, आणि ही जोडणी तालुका, जिल्हा आणि राज्य यांच्या हद्दी ओलांडून व्हावी. मुखेडच्या त्या रात्रीनंतर हे काम लांबणीवर टाकण्याचं कुठलंही कारण उरलेलं नाही.

तुम्हा प्रत्येकाकडं माझं एक मागणं आहे. पुढच्या वेळी भीतीचा निरोप आला की तो पाठवण्याआधी पाठवणाऱ्याला विचारा: तू स्वतः पाहिलंस का, कुठं, किती वाजता? उत्तर मिळालं नाही तर तो निरोप तुमच्यापाशी थांबू द्या. आणि तुम्ही स्वतः काही पाहिलं असेल, ऐकलं असेल, तर ते नेमकं, वेळेसह आणि ठिकाणासह सांगा. किल्लारी परिसरातल्या लोकांना १९९२ मध्ये जे जाणवत होतं ते ऐकून घेणारी पुरेशी व्यवस्था नव्हती. आज ती उभी करायला लागणारी सगळी साधनं आपल्याकडं आहेत. ती उभी करणं हे त्या दहा हजार माणसांचं आपल्यावरचं देणं आहे, आणि ते आपण फेडलंच पाहिजे.